आजीच्या कानबाईच्या गाण्यांवर पीएचडी झाली आहे, तो प्रबंध वाचायला कुठे मिळेल?

तापीकाठची (शिरपूर तालुका):
नमस्कार मंडळी. 2010 च्या श्रावणात पीएचडी करणाऱ्या एक बाई आमच्या घरी येत असत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली, त्या रात्री आजी आणि तिच्या दोन जावा पहाटेपर्यंत गात होत्या. बाई आजीला खेटून बसलेल्या, छोटा रेकॉर्डर नैवेद्याच्या रोटांच्या परातीला टेकवून ठेवलेला. सोमवारी विसर्जनाला त्या नदीवरही आल्या. मी तेव्हा आठवीत होते. रेकॉर्डर सांडू नये म्हणून परात धरून बसायचं काम माझ्याकडे होतं.

आता दोन्ही जावा गेल्या. आजीला गाणी आठवतात, पण सलग नाही. घरात कोणी एक ओळसुद्धा लिहून ठेवलेली नाही. म्हणजे ती रात्र जशीच्या तशी उरली असेल तर त्या प्रबंधातच.

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन आले. काचेच्या कपाटात प्रबंध रांगेत उभे होते, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. बाईंचं आडनावही मला बाहेरून वाचता आलं. पण बाहेरच्यांना देत नाही म्हणाले, तिथे बसूनही वाचू दिलं नाही. परतताना एस.टी.त मला रडू आलं. गाणी आमच्या घरातली आणि आम्हीच बाहेरचे?

मी गावच्या 'ड' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रबंध वाचायला कसा मिळेल? आणि त्या बाईंना आमच्या वाचनालयात बोलायला बोलावता येईल का? विद्यापीठात शिकलेली माणसं गावच्या वाचनालयात येतात का?

निवृत्त ग्रंथपाल, धुळे:
ताई, कपाट बंद असलं तरी दार दुसरीकडून उघडं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमापासून प्रबंधाची सॉफ्ट कॉपीही द्यावी लागते आणि ती 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढते. हे भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. पैसे नाहीत, सभासदत्व नाही, मोबाईलवरही उघडतं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते.

शोधताना 'कानबाई' टाकून बसू नका, हाती काही लागणार नाही. त्या काळातले बरेच मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण तीच ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. शोधयंत्राला तोच चिवडा दिसतो. काही तर नुसते स्कॅन केलेले फोटो आहेत. म्हणून बाईंचं नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून बघा, नाहीतर मार्गदर्शकांच्या नावाने शोधा. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला (जळगाव) बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये मिळालं, तेव्हा नोंद जुन्या नावाखाली आहे का तेही पाहा. (कोणाला 1990 च्या आधीचा प्रबंध हवा असेल तर पुणे विद्यापीठाकडे वळा. 15 ऑगस्ट 1990 ला आपलं विद्यापीठ झालं, तोवर खानदेश पुण्यालाच जोडलेला होता.)

सापडला की आधी परिशिष्ट उघडा. गाणी तिथेच असतात.

नाहीच सापडला तर विद्यापीठाच्या ग्रंथपालांच्या नावे तुमच्या वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज करा. जागेवर बसून वाचायची परवानगी मागा. तोंडी विचारणाऱ्याला 'नाही' म्हणणं सोपं असतं, कागदाला उत्तर द्यावं लागतं.

लोकगीतांवर पीएचडी करतेय:
दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर, एक भर घालते. प्रबंधात शब्द असतात, चाल नसते. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा संशोधकाच्या घरी पेनड्राइव्हमध्ये किंवा जुन्या मेमरी कार्डात पडून असतं आणि कार्ड एक दिवस उघडेनासं होतं. तेव्हा ताई, बाईंना आधी आवाजाचं विचारा, व्याख्यानाचं नंतर.

बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवलं म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघू शकलं. टिपणारं कोणी घरात नसलेल्या बायकांची गाणी आम्ही गोळा करतो. ती त्यांच्या घरी परत पोचवणं हे आमचंच काम आहे, आणि आमच्यातले बरेच जण ते करत नाहीत. तुमची पोस्ट वाचून मी काल माझ्या यादीतल्या तीन आज्यांच्या घरी फोन केले.

वाचनालयाचा चिटणीस, अमळनेर:
बोलवा की! आमच्याकडे फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं साहित्य संमेलन झालं, त्याआधी अमळनेरला झालं ते 1952 साली. लेखकाला ऐकायला गावाने 72 वर्षं थांबायचं का?

अनुभवाचं सांगतो. 15 ऑक्टोबर आणि 27 फेब्रुवारी सोडा. वाचन प्रेरणा दिनाला आणि मराठी भाषा गौरव दिनाला बोलणारी माणसं आधीच ठरलेली असतात. कापूस वेचणी चालू असताना ठेवू नका, बाया येणार नाहीत आणि तुमचा कार्यक्रम तर बायांचाच आहे. रात्री भांडीकुंडी आटोपल्यावर, साडेआठला. मानधन जमत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, पण जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण तुमच्याकडे. बाईंना अहिराणीतच बोलायला सांगा. आणि आजींची खुर्ची बाईंच्या शेजारी ठेवा, समोरच्या रांगेत नाही.

तापीकाठची (शिरपूर तालुका):
सगळ्यांचे मनापासून आभार. सापडला! आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त होता. माहिती देणाऱ्यांच्या यादीत आजीचं नाव आहे, वय 68, शिक्षण नाही, आणि खाली दोन्ही जावांची नावं.

रात्री आजीला परिशिष्टातली गाणी वाचून दाखवली. तिसऱ्या गाण्यावर तिने हात वर केला. "आसं नही शे ते." मधल्या दोन ओळी गळल्या होत्या. त्या तिने म्हणून दाखवल्या, आधी नुसत्या, मग चालीवर. मी प्रिंटवर पेन्सिलने लिहून घेतल्या.

सकाळी बाईंना फोन केला. त्यांनी आधी आजीचीच चौकशी केली. मेमरी कार्ड जपून ठेवलंय म्हणाल्या, आवाज घेऊनच येतील. कापूस घरात आला की, फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी ठरलंय. चिटणीसदादा, तुमच्या वाचनालयाचा माईक दोन दिवसांसाठी मिळेल का? आजीचा आवाज आता ओसरीच्या पुढे जात नाही.