डॉक्टर चहा पीत बसत नाहीत

रोबोटच्या मदतीने गुडघा बदलतात त्याबद्दल वर एकांनी लिहिलंय, ‘रोबोट कापतो आणि डॉक्टर चहा पितात’. तसं नाही हो. आमच्या आईचा उजवा गुडघा असाच बदलला, रत्नागिरीहून कोल्हापूरला नेऊन. आधी सीटी स्कॅन, त्यावरून संगणकावर हाडांचं चित्र. मग मांडीच्या नि नडगीच्या हाडात पिना रोवून त्यांवर खुणा बसवतात. कॅमेऱ्याला त्या दिसतात, म्हणून पाय हलला तरी यंत्राला कळतं. करवत डॉक्टरांच्याच हातात. आखलेली हद्द आली की यंत्र हात अडवतं. शेजारणी आल्या की आई आधी नडगीवरचे पिनांचे दोन बारके व्रण दाखवते, मोठा टाका नंतर!

‘रोबोट कापतो’ हे थोडंफार लागू पडतं ते ‘रोबोडॉक’ नावाच्या जुन्या शस्त्रक्रिया-रोबोटला. १९९२ साली अमेरिकेत सॅक्रामेंटोला त्याने माणसाच्या मांडीच्या हाडातली पोकळी स्वतः कोरली, खुब्याचा सांधा बदलण्यासाठी. त्याआधी तो कुत्र्यांवर वापरला होता. तो घडवणाऱ्यांपैकी हॉवर्ड पॉल हे जनावरांचे डॉक्टर.

व्यायाम मात्र कुठलाच रोबोट करून देत नाही, तिथे आईशी रोज भांडण. विळीवर बसून नारळ खवणं बंदच झालंय, पण जांभ्याची पाखाडी ती आता काठीशिवाय उतरते.