अपॉलॉजेटिक्स : समर्थन, मंडन की कैफियत?

मुद्रितवाली
ख्रिस्ती तरुणांच्या एका शिबिरासाठी चार व्याख्यानांचा अनुवाद करते आहे. विश्वाला आरंभ होता का, नीती माणसात येते कुठून, उत्क्रांती मान्य करून श्रद्धा ठेवता येते का, आणि इथल्या चालीरीतींत राहून ख्रिस्ती असणं म्हणजे काय, असे चार विषय. मजकूर झाला. अडलंय ते मुखपृष्ठावरच्या एका शब्दाशी : अपॉलॉजेटिक्स, म्हणजे श्रद्धेवरच्या आक्षेपांना उत्तर देण्याचं शास्त्र.

माझ्या आधी ज्यांनी हे काम हाती घेतलं होतं त्यांनी 'क्षमायाचनाशास्त्र' लिहून ठेवलंय. परवा मुद्रितं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडली होती. आईनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "आपण माफी कुणाची मागतोय गं? आणि कशाबद्दल?" तिला ते लागलं होतं. चाळीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवलंय तिनं.

ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे न्यायासनापुढे आपल्या बाजूनं केलेलं भाषण. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिस अथेन्सच्या न्यायसभेपुढे बोलला ते हेच, आणि त्यात त्यानं कशाचीही माफी मागितलेली नाही. इंग्रजीत त्या शब्दाला माफीचा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. तेव्हा 'क्षमा' बाद. मग काय लिहू? श्रद्धासमर्थन? धर्ममंडन? पुस्तिका शुक्रवारी छापायला जाते.

वसईची
श्रद्धासमर्थन लिहून मोकळी हो. प्रवचनात 'श्रद्धेचं समर्थन' मी कितीतरी वेळा ऐकलंय, कुणाला अडत नाही.

घटपट
समर्थन फार ढोबळ. राजीनाम्याचंही समर्थन होतं आणि दरवाढीचंही. आपल्या वादपरंपरेत यासाठी शब्दांची जोडीच आहे : परमतखंडन आणि स्वमतमंडन. अपॉलॉजेटिक्स म्हणजे मंडन. मंडनमिश्रांचं नाव ऐकलेल्या कुणालाही कळेल.

कचेरीतला
मंडन म्हणजे मुळात सजवणं, नटवणं. ज्याच्यावर आरोप आहे तो स्वतःला नटवत नाही.

मी एकतीस वर्षं दिवाणी न्यायालयात कारकून होतो. आपल्याकडे यासाठी रोजच्या वापरातला शब्द आहे : कैफियत. वादी दावा दाखल करतो, समन्स निघतं, आणि प्रतिवादीनं ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. तिचा घाट ठरलेला. "दाव्याच्या कलम ३ मधील मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." मग कलम ४, मग कलम ५. ज्या कलमाला उत्तर दिलं नाही ते कबूल धरलं जाण्याचा धोका. म्हणून एकही कलम सोडायचं नसतं.

आता दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर बघा. इ.स. १५५ च्या सुमारास त्यानं सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून आपली अपोलोगिया लिहिली. ख्रिस्ती लोकांवर तेव्हा आरोप काय होते? हे नास्तिक आहेत, हे नरमांस खातात, यांच्यात व्यभिचार चालतो. पहिल्या आरोपावर त्याचं उत्तर असं, की तुमच्या त्या देवांपुरतं बोलाल तर होय, आम्ही नास्तिक. खऱ्या देवाच्या बाबतीत नाही. एवढा भाग कबूल, बाकीचा नाकबूल. हे वाचलं तेव्हा मला डोळ्यांपुढे 'निशाणी १२, प्रतिवादीची कैफियत' असा शिक्का मारलेला कागद दिसला.

मुद्रितवाली
अंगावर काटा आला. 'श्रद्धेची कैफियत'. आईला वाचून दाखवते.

शब्दमूळ
कैफियत अरबी आहे. 'कैफ' म्हणजे 'कसा', त्यावरून कैफियत म्हणजे हकीकत, वृत्तान्त. 'होळकरांची कैफियत' म्हणतात ती याच अर्थानं, तिथे कुणी आरोपी नाही. धर्माच्या गाभ्यातल्या विषयाला फारसी दफ्तरातला शब्द का लावायचा? संस्कृतात प्रतिवाद आहे, प्रत्युत्तर आहे. आपलं असताना उसनं का घ्यावं हे मला खरोखरच समजत नाही.

वसईची
उसनं? आमच्या घरात बाप्तिस्मा ग्रीक, मिस्सा लॅटिन, पाद्री पोर्तुगीज. उलट फादर स्टीफन्सनं १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. चारशे वर्षं शब्द दोन्हीकडून येतायत-जातायत. आमची आजी रोझरी म्हणायची आणि हुंदका आला की "देवा" म्हणायची. त्यातला कुठला शब्द तिचा नव्हता, सांगा.

शब्दमूळ
आजीबद्दल मी काही बोललेलो नाही. शब्द घडवायची संधी असताना आपण आळस करतो, एवढंच म्हणणं आहे. भाषांतरकारांनी आळस केला तर भाषा कोण घडवणार?

गावकुस
मला कैफियतबद्दल वेगळीच शंका आहे. आज वर्तमानपत्रात हा शब्द येतो कुठे? "शेतकऱ्यांनी मंत्र्यांपुढे कैफियत मांडली." "भाडेकरूंची कैफियत." म्हणजे गाऱ्हाणं. कोर्टाबाहेरच्या माणसाला 'श्रद्धेची कैफियत' वाचून वाटेल, श्रद्धेची काहीतरी तक्रार आहे. क्षमायाचनेतून बाहेर पडायचं आणि रडगाण्यात जाऊन पडायचं, असं होईल.

आणि कचेरीतले काका, कैफियत दिवाणी. सॉक्रेटिस आणि बायबलातला प्रेषित पौल दोघंही फौजदारीतले आरोपी. तिथे कैफियत नसते, आरोपीचा जबाब असतो.

कचेरीतला
हे बरोबर पकडलंत. फौजदारीत जबाबच. पण जबाब साक्षीदारही देतो, तेवढ्यानं तो बचाव होत नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये २५ मध्ये रोमी सुभेदार फेस्त पौलाच्या खटल्याबद्दल सांगतो ते पाहा : आरोपीला वादींसमोर उभं करून उत्तर द्यायची संधी मिळेपर्यंत त्याला शिक्षेसाठी सोपवून द्यायची रोमी लोकांची रीत नाही. तिथे मूळ ग्रीकमध्ये अपोलोगिया हाच शब्द आहे. ही संधी म्हणजे न्यायाचा प्राण. म्हणून समोर कुणीतरी विचारणारा आहे हे ज्या शब्दातून दिसतं तोच शब्द मला हवा. समर्थन एकट्यालाही करता येतं, आरशासमोर उभं राहून. कैफियत आणि जबाब एकट्यानं देता येत नाहीत.

मळ्यातला
'कैवार' कुणी सुचवलाच नाही? श्रद्धेचा कैवार घेणं.

वसईची
तो शब्द गुंतलेला आहे. मराठी बायबलात पवित्र आत्म्यालाच 'कैवारी' म्हटलंय, योहान १४. तो आपला कैवार घेतो. आपण त्याचा घ्यायचा म्हणजे उलटंच झालं.

मुद्रितवाली
कचेरीतल्या काकांच्या 'विचारणारा' या मुद्द्यावरून पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ पुन्हा उघडलं. या सगळ्या शास्त्राचं आधारवचन तेच. मराठीत तिथे साधं 'उत्तर देण्यास सिद्ध असा' आहे आणि पुढे लगेच सौम्यतेची अट आहे. ग्रीकमध्ये विचारणारा नुसता विचारत नाही, तो 'लोगोस' मागतो, म्हणजे हिशेब, कारण. आई म्हणाली, "म्हणजे जाब विचारतो." बरोबर! जाब हा जबाबाचाच आखडलेला भाऊ. कुणी जाब विचारला तर जबाब द्यायचा, पण सौम्यपणे. मग 'श्रद्धेचा जबाब'?

गावकुस
जबाब म्हटलं की पोलीस चौकी डोळ्यांपुढे येते. आमच्या गावात एका भांडणात वडिलांना जबाबासाठी सहा वेळा बोलावलं होतं. तो शब्द ऐकला की अजून आईचा हात थांबतो. मुखपृष्ठावर नको.

घटपट
विषय थोडा मागे नेतो, कारण हे वाद मराठी माणसाला नवे नाहीत. स्कॉटिश संस्कृतपंडित जॉन म्यूरनं १८३९ मध्ये संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून हिंदू पंडितांना आव्हान दिलं. काशीत वाढलेल्या चित्पावन घरातल्या नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याला उत्तर दिलं. आणि १८४८ मध्ये तेच गोरे बाप्तिस्मा घेऊन 'नेहम्या' या नावानं ख्रिस्ती झाले, पुढे दुसऱ्या बाजूनं 'षड्दर्शनदर्पण' लिहिलं. एकाच माणसानं दोन्हीकडची कैफियत लिहिली! मुंबईत मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये आपल्या पुस्तकाला 'हिंदुधर्मस्थापना' म्हटलं. परीक्षा, विनिर्णय, दर्पण, स्थापना. यात समर्थन नाही आणि कैफियतही नाही. 'श्रद्धापरीक्षा' का नको?

मळ्यातला
कारण मुलं विचारतील, पेपर कधी आहे.

घटपट
मुलांना परीक्षेचा तोही अर्थ शिकू दे की. पहिल्या व्याख्यानात, विश्वाला आरंभ असेल तर त्याला कारण हवं, हाच युक्तिवाद असणार ना? त्याला इंग्रजीत 'कलाम' म्हणतात, कारण तो इस्लामी कलामशास्त्रातून, अल-गझालीकडून आलेला. आणि आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, काय म्हणत होते? अंकुरादी गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य आहेत, घटासारख्या. इंग्रज धर्मपंडित पेलीनं १८०२ मध्ये माळरानावर घड्याळ ठेवलं (घड्याळ आहे म्हणजे ते करणारा कुणी आहे), आपण शतकानुशतकं मडकं ठेवत होतो. अनुवादात घड्याळाशेजारी मडकं ठेवाच.

परिवलन
भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून बोलते. बिग बँगला थेट सृष्टीचा पुरावा म्हणू नका. ही कल्पना मांडणारा लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपनी भाषणात तिचा तसा उपयोग केला तेव्हा त्यालाच ते रुचलं नव्हतं. विज्ञान उद्या बदललं तर श्रद्धेचं काय, ही त्याची काळजी मला फार प्रामाणिक वाटते.

मुद्रितवाली
हे व्याख्यानात आहे, सुदैवानं. पण तिथेच दुसरा शब्द अडलाय. 'क्रिएशन'ला मी सगळीकडे सृष्टी लिहिलंय. बायबलात उत्पत्तीच्या पहिल्या ओळीत देवानं आकाश व पृथ्वी ही 'उत्पन्न केली'. शिबिरातल्या मुलांना उत्पन्न म्हटलं की तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आठवतो.

शब्दमूळ
सृष्टी नकोच. सृज् म्हणजे सोडणं, बाहेर टाकणं. मुंडकोपनिषदातला कोळी स्वतःतूनच धागा काढतो आणि परत घेतो, तिथे क्रियापद 'सृजते' आहे. ख्रिस्ती मत शून्यातून निर्मितीचं. तुमच्याच व्याख्यानाच्या विरुद्ध जाईल तो शब्द.

वसईची
पण 'सृष्टी' म्हटल्यावर कोळी किती जणांना आठवतो? मला पावसाळ्यातलं सुरूचं बन आठवतं.

शब्दमूळ
म्हणून तर सांगावं लागतं.

घटपट
हिब्रू 'बारा' या क्रियापदाचा कर्ता फक्त देव असतो. मराठीत असं एकही क्रियापद नाही. निर्माण तर ठेकेदारही करतो.

कचेरीतला
ताई, शुक्रवार आला. मुखपृष्ठावर काय गेलं?

मुद्रितवाली
अजून पाठवलेलं नाही. छापखान्याकडून सोमवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. आई 'जाब'वर अडून बसलीय आणि मी 'कैफियत'वर. 'उत्पन्न' की 'निर्माण' ते कुणीतरी सांगा, तो शब्द आत बावीस ठिकाणी आहे.