टाकी 'भरली' म्हणजे नक्की किती भरली?

काटेकोर:
काल इथे एकाने लिहिलं, "शेगडीच्या प्रोपेन गॅसची टाकी भरून घेणारे चार पैशांसाठी अर्धा दिवस घालवतात. रिकामी द्या, भरलेली आणा, विषय संपला." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

विषय संपत नाही, कारण बदलून आणलेली टाकी पूर्ण भरलेलीच नसते. 20 पाऊंडी, म्हणजे 20 पाऊंड गॅसच्या, टाकीत सहसा 15 पाऊंडच गॅस असतो. टाकीवरच्या लेबलवर तसं छापलेलंही असतं, पण वाचतं कोण? 2008 मध्ये अमेरिकेतल्या ब्लू ऱ्हायनो आणि अमेरीगॅस या टाक्या बदलून देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी टाकीतल्या गॅसचे 17 चे 15 पाऊंड केले. हे संगनमताने झालं, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2014 मध्ये ठेवला. शिवाय तुमच्या टाकीच्या तळाशी उरलेला गॅस तुम्ही त्यांना फुकट देऊन येता तो वेगळाच.

टाकीच्या गळपट्टीवर 'टीडब्ल्यू' असा आकडा कोरलेला असतो. ते रिकाम्या टाकीचं वजन, बहुतेक 17 पाऊंडांच्या आसपास. टाकी काट्यावर ठेवा, तो आकडा वजा करा. जो उरतो तेवढाच गॅस तुम्ही विकत घेतलाय.

शेगडीवाली:
कालचं ते वाक्य माझंच. मागे घेणार नाही. मी दोन वर्षं टाकी भरूनच घेत होते. टाकीत तिसरा हिस्सा गॅस शिल्लक असताना घेऊन गेले, तर भरणाऱ्याने अख्ख्या टाकीचा ठरलेला दर लावला. विचारलं तर म्हणाला, "दर टाकीचा आहे, गॅसचा नाही." मग तुमच्या काट्याचा मला काय उपयोग झाला? आणि टाकीवरची तपासणीची मुदत संपली की तो हातही लावत नाही. बदलून देणारे तीच टाकी निमूट घेतात.

काटेकोर:
मुदतीचं खरं आहे. मुदत संपलेली टाकी बदलून घ्यावी, त्यावर वाद नाही. पण अख्ख्या टाकीचा दर लावणाऱ्याकडे अर्धी टाकी घेऊन जायचंच कशाला? गॅलनवर भरणारा शोधा. एक गॅलन म्हणजे सुमारे 4.2 पाऊंड, म्हणजे पूर्ण रिकाम्या टाकीत साधारण 4.7 गॅलन. मीटरवर आकडा याहून बराच जास्त दिसला तर तिथल्या तिथे विचारा.

रानवारा:
या सगळ्यात मूळ लूट कोणी बोलतच नाही. टाकी 80 टक्केच भरतात! पैसे पूर्ण टाकीचे आणि पाचवा हिस्सा रिकामा. मी स्पष्ट सांगितलं, "वरपर्यंत भर." तर नाही म्हणाला.

नळजोड:
नाही म्हणाला म्हणून त्याचे आभार माना. मी कित्येक वर्षं टाक्या भरण्याचं काम केलंय. द्रवरूप प्रोपेन उन्हाने फुगतो, त्याला वर मोकळी जागा लागते. टाकी गच्च भरली आणि उन्हात राहिली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर फेकला जातो. म्हणून तर 80 टक्क्यांवर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा झाला. 2002 पासून तो नसलेल्या लहान टाक्या भरायच्याच नाहीत, असा नियम आहे. आणि 20 पाऊंड हे वजन त्या 80 टक्क्यांचंच आहे. तुमचं काहीही कापलेलं नाही.

रानवारा:
बरं, ते राहू द्या. पण मागच्या महिन्यात मला अर्धीच टाकी दिली हे नक्की. घरी येऊन जोडली तर ज्योत जेमतेम. प्रेशर गेजवर मात्र काटा हिरव्यात! म्हणजे गेजही खोटं आणि भरणाराही.

नळजोड:
गेज खोटं नाही, ते वेगळीच गोष्ट सांगतं. टाकीत द्रवाचा शेवटचा घोट असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही. 70 अंश फॅरनहाइटला तो सुमारे 110 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाऊंड) असतो, टाकी गच्च असो की तळाला आलेली. त्या गेजवरून गॅस किती हे कळणारच नाही.

रानवारा:
मग दुकानात ती गेज विकतात कशाला? तुम्ही भरणारे एकमेकांना सांभाळून घेता, बाकी काही नाही.

नळजोड:
हे मी ऐकून घेणार नाही. थंडीत बोटं बधिर होईस्तोवर एकेक टाकी काट्यावर ठेवून भरलीय मी. तुम्ही जोडताना व्हॉल्व्ह कसा उघडला ते सांगा. एकदम, झटक्यात?

रानवारा:
झटक्यात. त्यात काय?

नळजोड:
त्यातच सगळं आहे. शेगडीची बटणं चालू ठेवून व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की जोडणीतली सुरक्षेची कळ गळती समजून प्रवाह आवळते. मग ज्योत जेमतेमच राहते. सगळं बंद करा, नळी सोडवा, थोडं थांबा, परत जोडा. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, बटणं त्यानंतर. आणि गॅस किती आहे ते पाहायचं असेल तर टाकीच्या अंगावर गरम पाणी ओता आणि हात फिरवा. जिथून थंड लागतं, तिथपर्यंत द्रव.

पहिलटकर:
मध्येच विचारते. नवी कोरी टाकी पहिल्यांदा भरली तर अर्ध्यातच अडली. हेही तेच का?

नळजोड:
नाही. नव्या टाकीत हवा असते. ती प्रोपेनच्या वाफेने आधी बाहेर काढावी लागते, नाहीतर दाब वाढून भरणं अडतं. भरायला देतानाच "टाकी नवी आहे" असं सांगायचं.

रानवारा:
करून पाहिलं. ज्योत नीट आली. पाणीही ओतलं, निम्म्याच्या बरंच वर थंड लागलं. अर्धी टाकी म्हणालो ते चुकलं. पण हे भरणाऱ्याने देतानाच सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

शेगडीवाली:
तुमचं भांडण वाचता वाचता मीही परवा बदलून आणलेली टाकी काट्यावर ठेवली. 31.8 पाऊंड. टीडब्ल्यू 16.9. म्हणजे 14.9.

काटेकोर:
आता?

शेगडीवाली:
वजनाचं मान्य. भरून घेण्याचं अजून नाही. गॅलनवर भरणारा सापडला तर बघेन.