अनुभव धागा: तासाभरासाठी मागून आणलेला पुलर

माळ्यावरचा_बंब

काल गणपतीच्या आधीची साफसफाई म्हणून माळ्यावर चढलो. तांब्याच्या बंबामागं एक गोणपाट, त्यात चेतक स्कूटरचं फ्लायव्हील (इंजिनाचं चुंबकाचं चाक) ओढून काढायचा पुलर. वर पिवळ्या ऑइल पेंटनं 'व. कु.' लिहिलेलं. बघूनच घाम फुटला. १९९७ च्या मे महिन्यात आमच्या बेळगावच्या शहापूरच्या गल्लीतल्या काकांकडून मी हा 'तासाभरात देतो' म्हणून आणलेला.

बाबांची स्कूटर स्पार्क देईना. कॉइल बघायची तर फ्लायव्हील काढायला हवं. नट काढला, पण ते निमुळत्या शाफ्टवर असं घट्ट बसलेलं असतं की नुसतं ओढून हलतसुद्धा नाही. मी हातोडा घेतला. काका गॅलरीतून ओरडले, "अरे थांब! चुंबक फोडतोस काय?" आणि बनियनवरच खाली आले, पुलर घेऊन. स्कूटर त्याच संध्याकाळी सुरू झाली. मग आम्ही बेळगावातच भाग्यनगरला राहायला गेलो, स्कूटर विकली, काकाही गेले. पुलर माझ्याकडेच.

वर्षा-दोन वर्षांतून एकदा लागणारी असली हत्यारं तुम्ही मागून आणता की विकत घेता? लिहा. माझी कबुली आधीच झाली.

तिसरं_गेट

तासभर म्हणे! दुसऱ्या गेटात मालगाडीखातर अडकलो तरी एवढा वेळ लागत नाही वो.

खानापुरी

आमचा पुलर नाही, होल्डर. ॲक्टिव्हाचा बेल्ट बदलायचा होता. ह्यांनी मोबाईलवर बघून कव्हर काढलं, बोल्ट माझ्या चहाच्या कपात टाकले, मग कळलं की पुढची पुली कशानं तरी धरून ठेवल्याशिवाय नट सुटत नाही, पान्याबरोबर पुली पण फिरते. होल्डर माझ्या भावाकडे, भाऊ शिनोळीला. म्हणजे गाडी कर्नाटकात आणि होल्डर महाराष्ट्रात. तीन दिवस गाडी अंगणात उघडी, वर आमच्याकडचा पाऊस माहीतच आहे. दीर म्हणाले, वहिनी, ह्याचा पण दावा सुप्रीम कोर्टात लावून टाका, २००४ पासून सीमाप्रश्नाचा एक पडलाच आहे तिथं.

नुसतीच_वाचक

खानापुरी, कपाचं काय झालं पण?

खानापुरी

ऑइलचा वास जाईना. आता त्यानं तुळशीला पाणी घालते.

लेथवाला

सगळे मागून की घेऊन एवढंच बोलायलेत. तिसरा मार्ग आहे की, करून घ्या. बेळगावात राहून पुलर बाहेरून मागवणं म्हणजे कुंदा पुण्याहून आणण्यासारखं आहे. उद्यमबागेत मी सतरा वर्षं लेथवर काढली. चांगला रॉड, थोडी ओळख आणि एक चहा, एवढ्यात काम व्हायचं.

खरं एक सांगतो. चेतकच्या पुलरचे आटे बारीक, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटरचा. आमच्याकडं एक नवीन पोरगं होतं, त्यानं दीडचा काढला. गिऱ्हाइकाच्या हातानं एक आटा आत गेला, दुसऱ्याला अडकलं. त्यानं काय करावं? पाना लावून जोर केला. पुलर बाहेर आला तेव्हा फ्लायव्हीलचे आटे शेवयांसारखे त्याला गुंडाळलेले. पुलर पन्नास रुपयांत झाला आणि फ्लायव्हील नवीन घ्यावं लागलं. म्हणून जुना नमुना घेऊन जा. पुलर हातानंच पूर्ण आत बसला पाहिजे. पाना लागला की समजायचं चुकलंय.

आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी: मधला बोल्ट आवळत आणा, तो कडक झाला की त्याच बोल्टच्या डोक्यावर एक ठोका. टक्क आवाज येतो आणि सुटतं. फ्लायव्हीलवर मारायचं नाही. शाफ्टच्या खाचेतली अर्धचंद्र चावी लगेच वाटीत. कपात नको.

खानापुरी

कळलं कळलं.

निपाणी_बायपास

आमच्याकडे जॅक कुणाला द्यायचा नाही असं ठरलंय. १० टनाचा बाटली जॅक. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉलीचा टायर बसायचा तो रात्री दोनलाच, आणि माणूस येऊन दारात उभा. नाही कसं म्हणणार? एकदा दिला तर आठ दिवसांनी परत आला, ट्रॉलीत आडवा टाकून आणलेला, सगळं तेल गळून गेलेलं. वर म्हणतो, "तुमचा जॅक उचलत नाही ओ." आता वडिलांनी त्याला साखळी लावून गोठ्यात बांधलाय, म्हशीशेजारी. मागायला आलं की म्हणतात, आधी म्हैस सोड, मग जॅक सोड. म्हैस मारकी आहे.

तिसरं_गेट

म्हशीचा फोटो टाका.

चहाबाज

मी टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानंच आवळायचा) घेतला, २४०० ला. माझ्या गाडीला दोनदा वापरला असेल, गल्लीत किमान चाळीस वेळा. शेजारच्या अण्णांकडं परत मागायला गेलो की कानडीत उत्तर ठरलेलं, "नाळे कोडतेन्री," म्हणजे उद्या देतो. लहानपणी आम्ही दारावर 'नाळे बा' (उद्या ये) लिहायचो, भूत परत जावं म्हणून. आता ते भूत मीच.

शेवटी मिळाला तेव्हा कळलं की त्यानं अण्णा चाकाचे गंजके नट सोडवायचे. तो आवळायचा पाना आहे, सोडवायचा नाही, त्यानं माप बिघडतं. काम झाल्यावर स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, तेही कोण करतंय? आता मी पाना देत नाही, पान्याबरोबर मी जातो. नट मी आवळतो, चहा तिथंच होतो. गेल्या महिन्यात तीन घरी उपीट खाल्लं.

नुसतीच_वाचक

म्हणजे २४०० वसूल.

जांबोटीचा_पाऊस

सगळे चेष्टेत लिहायलेत, माझा अनुभव जरा वेगळा आहे. जुन्या मारुती आठशेचा पुढचा शॉकॲब्सॉर्बर घरीच बदलायचा म्हणून स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर ओळखीतून आणला. दोन बाजूंचे दोन हुक, आळीपाळीनं आवळायचे. मी बरोबर करत होतो. स्प्रिंग निम्मी दाबली गेली आणि एका दांड्याचे आटे सरकले. नंतर बघितलं तर स्प्रिंग समोरच्या भिंतीला, गिलावा वीतभर निघालेला. मी तेव्हा पाणी प्यायला म्हणून मान वळवली होती, एवढंच. मुलगी तिथंच शाळेचं दप्तर भरत होती.

परत करायला गेलो तर तो म्हणाला, "हो, एका बाजूचा आटा गेलाय त्याचा, सांगायचं राहिलं की."

मी त्याला काहीच बोललो नाही. बघून घेण्याचं काम माझं होतं. पुलर, पाने, होल्डर खुशाल मागा, खरं दाबून ठेवलेल्या स्प्रिंगचं आणि गाडी उचलून आत झोपायचं हत्यार मागून आणू नका. स्वतःचं नसेल तर गॅरेजला द्या.

लेथवाला

बरोबर. त्या दांड्यांना ग्रीस पण लावत नाहीत लोक.

नुसतीच_वाचक

बापरे. मुलगी बरी आहे ना?

जांबोटीचा_पाऊस

होय, तिला काही कळलंसुद्धा नाही. आता इंजिनीअरिंगला आहे. मेकॅनिकल.

तिसरं_गेट

निपाणीकर, शिनोळी-चंदगडकडची माणसं पेट्रोल भरायला आपल्याकडं येतात, आणि खानापूरची वहिनी होल्डर आणायला तिकडं. हिशेब फिटला म्हणा.

निपाणी_बायपास

आमच्याकडं कोगनोळीला पण तेच. म्हशीचा फोटो संध्याकाळी.

माळ्यावरचा_बंब

आज दुपारी पुलर रॉकेलनं धुतला, कागदात गुंडाळला आणि काकांच्या घरी गेलो. घर तेच आहे, पत्रा नवीन. काकूंनी ओळखलं, मग ऐकायला येत नाही म्हणून मी मोठ्यानं सगळं सांगितलं. पिवळी अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा लावून पुलर उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "हे आमचं न्हवंच की. ह्यांचं नाव कुठं 'व. कु.'? कुणाकडनं तरी मागून आणलेलं असणार. मेले तोपर्यंत लोकांची हत्यारं गोळा करत होते."

मग आतून एक पिशवी आणली. एक ग्रीस गन, दोन प्लग पाने, एक सर्क्लिपचा चिमटा. सगळ्यांवर वेगवेगळी अक्षरं. "हे पण घेऊन जा, तुला माणसं सापडली तर दे." पुलरही परत माझ्याच हातात.

तर माळ्यावर आता एकाऐवजी पाच वस्तू आहेत. लेथवाले, 'व. कु.' कोण ते उद्यमबागेत कुणाला माहीत असेल काय?

लेथवाला

विचारतो. ग्रीस गन चालू आहे काय ती?

माळ्यावरचा_बंब

नॉझल नाही.

चहाबाज

नॉझल माझ्याकडं आहे. नाळे कोडतेन्री.