५ मार्कचं १९५८ चं नाणं, ग्रेड काय धरायचा?

नाणेवेडा: काकांच्या जुन्या डब्यात जर्मनीचं ५ मार्कचं गरुडवालं नाणं सापडलं, साल १९५८, बारीक एफ अक्षर आहे, काळं पडलं होतं म्हणून चिंच लावून घासलं आता एकदम चकाचक झालंय, तर याला स्टेम्पेलग्लान्झ (न वापरलेलं, कोरं नाणं असा जर्मन ग्रेड) म्हणता येईल का?

गरुडपंख: अरे देवा, चिंच!! चमक आणि मिंटची मूळ झळाळी वेगळी, घासलेलं नाणं स्टेम्पेलग्लान्झ होतच नाही. गरुडाच्या छातीवरची पिसं बघ, झिजली असतील तर फारतर झेर श्योन (वापरलेलं पण बऱ्या स्थितीतलं), आणि त्यातही घासल्यामुळे किंमत पडणार. एफ म्हणजे श्टुटगार्टची टांकसाळ. १९५८ चं दुर्मिळ ते जे वालं, हांबुर्गचं, फक्त ६०,००० पाडलेली, आणि त्याचीही नकली अक्षरवाली निघतात.

नाणेवेडा: म्हणजे काहीच नाही का मिळणार 😭

म्युनिकवाला: चांदी तर आहे ना, ११.२ ग्रॅमला हजारात ६२५ भाग चांदी, म्हणजे बरोब्बर ७ ग्रॅम शुद्ध. म्हणून ठेव. आणि पोलिएर्टे प्लाटे (प्रूफ, चकचकीत केलेल्या ठशाने पाडलेलं नाणं) हा ग्रेड नाही, पाडायची पद्धत आहे, विकणारे तिथेच गंडवतात.

गरुडपंख: आणि चिंच आमटीत घाल.