जुन्या कॅबिनेटला घरी केलेली अ‍ॅल्युमिनियमची पॅनेले : घडीचे माप, हवा आणि अर्थिंग

प्रश्न : अर्धवट कानस

माझ्याकडे संगणकाचे एटीएक्स (मदरबोर्डचे एक प्रमाणित माप) आकाराचे एक जुने पोलादी कॅबिनेट आहे. त्याचा सांगाडा अजून भक्कम आणि काटकोनात आहे. परंतु दर्शनी भाग प्लास्टिकचा व पूर्ण बंद असल्याने आतले दोन १२० मिमी पंखे हवेसाठी अक्षरशः धापा टाकतात, आणि बाजूचा पत्रा इतका पातळ आहे की उचलताना हातातच लवतो. सांगाड्याला हात न लावता दर्शनी आणि बाजूची पॅनेले अ‍ॅल्युमिनियममध्ये स्वतः करावीत, असे ठरवून मी १.५ मिमी जाडीचा पत्रा आणला. घडी घालण्याचे यंत्र नाही. दोन लोखंडी अँगलच्या मध्ये पत्रा धरून, सी-क्लॅम्प आवळून, लाकडी ठोकळा मध्ये ठेवून हातोड्याने घडी घालतो.

दर्शनी पॅनेलची बाहेरची उंची ४५० मिमी आणि वर-खाली १२ मिमीच्या घड्या हव्या होत्या. म्हणून १२, ४५० आणि १२ अशी आखणी करून ४७४ मिमी लांबीचा पत्रा कापला आणि अगदी रेघेवर घड्या घातल्या. तयार पॅनेल मोजले तेव्हा ते ४५२.५ मिमी भरले आणि सांगाड्यावर चढेना. आखणी गुण्याने (काटकोनी पट्टीने) तीन वेळा तपासली होती, त्यामुळे हे अडीच मिमी कोठून आले, हे मला खरोखर कळलेले नाही.

बाजूचे पॅनेल तूर्त घडी न घालता सपाटच चार स्क्रूंवर बसवून पाहिले, तर पंख्यांचा वेग थोडा वाढताच ते गुणगुणू लागते. मधोमध बोट टेकवले की आवाज थांबतो. शिवाय ६०६१ जातीचा एक उरलेला तुकडा वाकवून पाहिला, तो घडीवरच तडकला. दर्शनी पॅनेलला भोके किती व कशी पाडावीत, आणि रंग दिल्यावर अर्थिंगचे काय होते, याबद्दलही जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर : पत्राकाम

तुमची आखणी चुकलेली नाही, चुकली आहे ती बेरीज. बाहेरून मापताना आपण दोन्ही बाजू टोकदार कोपऱ्यापर्यंत मोजतो; पण पत्रा त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परतत नाही, तो गोलाईने जवळची वाट घेतो. वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि जिची लांबी बदलत नाही ती रेषा जाडीच्या मध्यापेक्षा किंचित आत सरकलेली असते. त्यामुळे सपाट पत्र्याची लांबी ही बाहेरच्या मापांच्या बेरजेपेक्षा प्रत्येक घडीमागे थोडी कमी घ्यावी लागते. १.५ मिमी पत्रा आणि आतली गोलाईही १.५ मिमी धरली, तर काटकोनी घडीमागे ही वजावट सुमारे २.६५ मिमी येते. ती निम्मी एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला वाटली जाते. तुमच्या दोन घड्यांची मधल्या भागाकडे आलेली निम्मी-निम्मी वजावट एकत्र केली की तुमचे अडीच मिमी सापडतात. तुमच्या घड्याही १२ ऐवजी १३ मिमीच्या पुढे भरल्या असतील, मोजून पाहा.

तरीही माझा आकडा जसाच्या तसा वापरू नका, कारण गोलाई तुमच्या अँगलची कड किती बोथट आहे यावर ठरते. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांब पट्टी कापा, मधोमध तुमच्याच पद्धतीने काटकोनात वाकवा आणि दोन्ही बाहू बाहेरून व्हर्नियरने मोजा. त्यांच्या बेरजेतून १०० वजा केल्यावर जे उरेल ती तुमची वजावट. पट्टी निदान ३० मिमी रुंद असावी, म्हणजे वाकताना पीळ पडत नाही. हा दहा मिनिटांचा उद्योग न केल्यामुळे मी स्वतः एका आठवड्यात तीन पॅनेले भंगारात टाकली आहेत, त्यामुळे हा सल्ला थोडा आग्रहाने देत आहे.

६०६१ तडकणारच होता. तो बहुधा टी६ या कठीण केलेल्या अवस्थेत मिळतो. यंत्रावर कापण्या-छिलण्यासाठी तो उत्तम, पण लहान गोलाईत वाकवण्यासाठी नाही. पॅनेलांसाठी ५०५२ घ्यावा. पत्र्यावर लाटण्याच्या दिशेने बारीक समांतर रेषा दिसतात. घडी शक्यतो त्या रेषांना आडवी घालावी, कारण त्यांच्या बाजूने घातलेली घडी लवकर चिरते. हात सोडल्यावर घडी थोडी उलगडते, म्हणून दोन-तीन अंश जास्त वाकवूनच थांबावे.

कापताना जिगसॉला धातूचेच पाते लावा. इंचाला २४ दात असलेल्या पात्यातही दोन दातांमधले अंतर एक मिमीपेक्षा किंचित जास्त असते, म्हणजे १.५ मिमी पत्र्यात एका वेळी जेमतेम दीड दात रुतलेला असतो, आणि म्हणूनच पत्रा थडथडतो व कड फाटते. पत्रा दोन पातळ प्लायवुडच्या मध्ये दाबून तिन्ही थर एकत्र कापले की कड स्वच्छ येते. पात्याला अधूनमधून थोडे रॉकेल लावावे, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम दातांत चिकटून बसते.

आट्यांबद्दलही एक गोष्ट. कॅबिनेटच्या जाड सहा-बत्तीस (६-३२, म्हणजे इंचाला ३२ आटे असलेल्या) स्क्रूचे आटे सुमारे ०.८ मिमी अंतरावर असतात, त्यामुळे १.५ मिमी पत्र्यात पाडलेले दोन आटेही धड मिळत नाहीत आणि चार वेळा उघडझाक केली की ते गळतात. पॅनेलला ४ मिमीचे मोकळे भोक ठेवून सांगाड्याचेच आटे वापरावेत. तेथे आटे नसतील तर रिव्हेट नट (भोकात दाबून पक्का बसणारा, आतून आटे असलेला नट) बसवावा.

उत्तर : मोकळा श्वास

मी फक्त दर्शनी भोकांबद्दल लिहितो, कारण तेथेच बहुतेकांचा अंदाज फसतो. डोळ्यांना भरपूर भोके दिसणे वेगळे आणि हवेला वाट मिळणे वेगळे. एकाआड एक ओळींत, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या मांडणीत, गोल भोके असतील तर मोकळे क्षेत्र काढण्यासाठी भोकाच्या व्यासाला दोन केंद्रांमधल्या अंतराने भागावे, उत्तराचा वर्ग करावा आणि त्याला ९०.७ ने गुणावे. आलेली संख्या ही टक्केवारी. ३ मिमीची भोके ५ मिमी अंतरावर पाडली तर पत्रा जाळीदार दिसतो खरा, पण मोकळा असतो फक्त ३३ टक्के. तीच भोके ४ मिमी अंतरावर घेतली तर ५१ टक्के, आणि ५ मिमीची भोके ६ मिमी अंतरावर घेतली तर ६३ टक्के. पंख्यासमोर मी ५० टक्क्यांच्या खाली कधी जात नाही, कारण त्यामागे धूळ अडवणारी जाळी लावली की उरलेल्यातलेही आणखी कमी होते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे की, पॅनेल मोठे असल्याने ३३ टक्केही पुरतील. पॅनेल आणि पंखा यांच्यामध्ये चांगली दोन-तीन बोटे मोकळी जागा असेल, तर हवा आजूबाजूच्या भोकांतूनही गोळा होऊन येते आणि तो हिशोब काही अंशी खरा ठरतो; परंतु पंखा पॅनेलला जवळजवळ चिकटून असेल तर त्याच्या समोरची भोके तेवढीच कामाची, बाकीची शोभेची.

आता हे हाताने पाडण्याचा विचार असेल तर आकडा ऐकून ठेवा : ४५० गुणिले २०० मिमीच्या पॅनेलवर ३ मिमीची भोके ५ मिमी अंतरावर पाडायची तर ती चार हजारांहून अधिक होतात. त्यापेक्षा सपाट पॅनेलमध्ये एक मोठी चौकोनी खिडकी कापा आणि तयार छिद्रित पत्रा आतून पॉप रिव्हेटने बसवा. छिद्रित पत्र्यालाच घडी घालण्याच्या भानगडीत पडू नका; घडीची रेघ भोकांवरून गेली की पत्रा वेडावाकडा वळतो आणि भोकांच्या कडा फाटतात. पंखे सरळ पॅनेलवर बसवणार असाल, तर १२० मिमी पंख्याच्या स्क्रूंच्या भोकांमधले अंतर १०५ मिमी असते आणि १४० मिमी पंख्याचे १२४.५ मिमी. हे माप पंख्यावरूनच उतरवून घेणे सर्वांत खात्रीचे.

उत्तर : दातेरी वॉशर

अर्थिंगचा प्रश्न विचारलात हे चांगले केले. पुरवठ्याच्या तारेतील अर्थ पॉवर सप्लायच्या धातूच्या पेटीला जोडलेला असतो, तेथून तो स्क्रूंमधून सांगाड्यात आणि सांगाड्यातून पॅनेलांत पोहोचतो. पावडर कोटिंग, साधा रंग आणि अ‍ॅनोडायझिंग हे तिन्ही थर विद्युतरोधक आहेत. सर्व बाजूंनी रंगवलेले पॅनेल रबरी वॉशरवर बसवले, तर ते दिसायला धातूचे पण विजेच्या दृष्टीने अधांतरी राहते. एखादी तार सुटून त्याला टेकली तर फ्यूज जाण्याऐवजी पॅनेलच जिवंत होईल. म्हणून प्रत्येक पॅनेलच्या किमान एका स्क्रूखाली, आतल्या बाजूने, रंग खरवडून नाण्याएवढी चकचकीत जागा करा आणि तेथे दातेरी वॉशर घाला. त्याच्या समोर येणारी सांगाड्याची जागाही खरवडा, हे लोक हमखास विसरतात. नंतर पिन भिंतीतून काढलेली असताना मल्टिमीटरचे एक टोक तिच्या अर्थच्या दांडीला आणि दुसरे पॅनेलच्या उघड्या धातूला लावून पाहा; वाचन एका ओहमपेक्षा कमी यायला हवे.

गुणगुणण्याचे कारण म्हणजे चार कोपऱ्यांवर धरलेला मोठा सपाट पत्रा हा एक पडदाच असतो. चारही कडांना घडी घातली की तो बराच आवरला जातो. तरीही आवाज राहिला तर मधल्या भागावर आतून डांबरी थराचा चिकट तुकडा लावा. संपूर्ण पॅनेल झाकण्याची गरज नसते. कडांना फोमची पट्टी अवश्य लावा, मात्र वर सांगितलेली उघडी जागा सोडून.

आणि कापाकापीपूर्वी सांगाड्यातून सगळे काही बाहेर काढा. “एकच तर भोक पाडायचे आहे” असे म्हणून मदरबोर्ड आत ठेवून ड्रिल चालवणाऱ्यांपैकी मी एक होतो. लोखंडाचा कीस चुंबकाने तरी गोळा होतो, अ‍ॅल्युमिनियमचा होत नाही.

उत्तर : पोलादच बरे

माझे मत थोडे वेगळे आहे. ०.८ मिमी पोलादी पत्रा हाताने सहज वाकतो, तडकत नाही आणि त्यावर रंग नीट धरतो; अ‍ॅल्युमिनियमवर मात्र आधी घासून एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा अस्तराचा रंग, इंग्रजीत etch) न दिल्यास रंगाचे पापुद्रे निघतात. दिसण्यासाठीच अ‍ॅल्युमिनियम हवे असेल तर गोष्ट निराळी.

उत्तर : पत्राकाम

रंगाबद्दल सहमत आहे, पण ताठपणाचा हिशोब पाहावा. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. पोलाद अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ असले, तरी १.५ मिमी अ‍ॅल्युमिनियम हे ०.८ मिमी पोलादाच्या दुपटीहून अधिक ताठ ठरते, आणि तरीही त्याचे वजन सुमारे एकतृतीयांशाने कमी भरते. प्रश्नकर्त्यांची तक्रारच मुळात लवणाऱ्या पत्र्याची आहे.

प्रश्नकर्ता : अर्धवट कानस

सर्वांचा मनापासून आभारी आहे. १०० मिमीची पट्टी वाकवून मोजली. दोन्ही बाहूंची बेरीज १०२.४ मिमी आली, म्हणजे माझ्या अँगलची कड अपेक्षेपेक्षा थोडी टोकदार आहे. फसलेल्या पॅनेलच्या घड्याही मोजल्या आणि त्या खरोखरच १३ मिमीच्या वर निघाल्या. त्यानुसार ५०५२ चा नवा पत्रा ४६९.२ मिमी लांब कापला आणि घड्यांच्या रेघा कडेपासून १०.८ मिमीवर मारल्या. पॅनेल ४५०.३ मिमी भरले आणि कानशीचे दोन हात मारल्यावर सांगाड्यावर बसले. खिडकीत ५ मिमी भोकांचा, ६ मिमी अंतराचा छिद्रित पत्रा रिव्हेटने लावला आहे. बाजूच्या पॅनेलला चारही कडांना घड्या घातल्यावर गुणगुणणे जवळजवळ थांबले. उरलेला आवाज हार्ड डिस्कचा होता, तिच्याखाली रबर घातले.

रंगानंतर मल्टिमीटरवर पहिले वाचन काहीच आले नाही. पॅनेल खरवडले होते, सांगाडा खरवडायचा राहिला होता. तो खरवडल्यावर अर्धा ओहम दाखवतो. कापाकापीच्या वेळी सगळे भाग बाहेर होते, तरी पुढची यूएसबीची खाच मात्र सांगाड्यालाच जोडलेली राहिली होती. सुरू करण्यापूर्वी सहज टॉर्च मारली, तर तिच्या आत अ‍ॅल्युमिनियमची एक वेटोळी किशी बरोबर दोन पट्ट्यांवर आडवी बसलेली दिसली. ती चिमट्याने काढली आणि मगच बटण दाबले.