सोफिया पेरोव्स्काया: बॉम्ब कुणाचा, तारीख कोणती?

प्रश्न
रशियन क्रांतिकारक सोफिया पेरोव्स्कायावर लेख लिहितोय. रशियाचा सम्राट झार दुसऱ्या अलेक्झांडरचा वध कुठे १ मार्च १८८१ ला दिलाय, कुठे १३ मार्चला. बॉम्ब तिनेच टाकला असंही वाचलं. खरं काय? आणि गव्हर्नरची मुलगी या वाटेला लागली कशी?

प्रतिसाद १
दोन्ही तारखा बरोबर आहेत. रशियात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चाले, ती त्या शतकात आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १२ दिवस मागे होती. चूक होते ती दोन्ही पद्धती मिसळल्या की. वध १३ मार्चला आणि तिची फाशी ३ एप्रिलला असं लिहिलंत, तर मधले ३३ दिवस २१ वर येतात. एक तर १ मार्च–३ एप्रिल लिहा, नाही तर १३ मार्च–१५ एप्रिल.

बॉम्ब तिने टाकला नाही. पहिला कटातल्या रिसाकोव्हचा. त्यातून झार वाचला आणि गाडीतून उतरला. दुसरा त्याचा साथीदार ग्रिनेवित्स्कीचा, त्यात झारही गेला आणि तोही.

प्रतिसाद २
पण म्हणून तिचं काम दुय्यम समजू नका. झारच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवणारी तुकडी तिच्या हाताखाली होती. येकातेरिना कालव्याकडे वळताना गाडी मंदावते, हे तिने हेरलं होतं. २७ फेब्रुवारीला (ज्युलियन) कटाचा म्होरक्या झेल्याबोव्ह पकडला गेला आणि सूत्रं तिच्याकडे आली. मालाया सादोवाया रस्त्याखाली, चीजच्या दुकानातून खणलेल्या भुयारात सुरुंग तयार होता, पण झार त्या रस्त्याने गेलाच नाही. तिने रुमालाची खूण करून बॉम्बवाल्यांना त्या कालव्यावर वळवलं. तो निर्णय झाला नसता तर सगळी तयारी फुकट गेली असती.

प्रतिसाद ३
घरच्या बाजूबद्दल: वडील लेव्ह पेरोव्स्की पीटर्सबर्गचे गव्हर्नर होते. १८६६ मध्ये काराकोझोव्ह नावाच्या क्रांतिकारकाने झारवर गोळी झाडली, त्यानंतर त्यांचं पद गेलं. सोफिया १८६९ मध्ये स्त्रियांसाठीच्या अलारचिन वर्गांना जाऊ लागली. वडिलांनी मनाई केल्यावर १८७० मध्ये तिने घर सोडलं. इथे पासपोर्टचा (देशातच राहाय-फिरायला लागणाऱ्या ओळखपत्राचा) मुद्दा गाळू नका. अविवाहित मुलीला वडिलांच्या संमतीशिवाय स्वतंत्र पासपोर्ट मिळत नसे आणि त्याविना कुठेही राहणं बेकायदा. अखेर वडिलांनी तो दिला. याच अडचणीपायी त्या काळी कितीतरी मुली नावापुरतं लग्न करत, म्हणजे वडिलांऐवजी नवऱ्याची संमती चाले.

आणखी एक: क्रांतिकारकांवरच्या १९३ जणांच्या खटल्यात (१८७७–७८) सोफिया निर्दोष सुटली होती, तिथे 'शिक्षा झाली' असं लिहू नका.

प्रश्नकर्ता
आभार. बॉम्ब तिच्या घरी बनले, हे तरी बरोबर ना?

प्रतिसाद २
नाही, ते घर तिची साथीदार व्हेरा फिग्नरचं. तीही उमराव घराण्यातली, म्हणून दोघींची सरमिसळ होते. फिग्नर १८८३ मध्ये खारकोव्हला पकडली गेली. तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि तिने २० वर्षं श्लिसेलबुर्गच्या तुरुंग-किल्ल्यात काढली.